रेडिओलॉजीची रेसिडेन्सी, उपनगरातलं हॉस्पिटल आणि तळघरातली मी

तळघरातली
शुक्रवार, रात्री ११.५२

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं, भाचीला मुंबईत डीएनबी रेडिओलॉजीची सीट मिळतेय (डीएनबी म्हणजे हॉस्पिटलात शिकून मिळणारी, एमडीच्या बरोबरीची डिग्री), पण हॉस्पिटल उपनगरातलं, ट्रस्टचं, दोनशे खाटांचं. घ्यावी की मोठ्या कॉलेजच्या एमडीसाठी वर्षभर थांबावं? त्यावर दहाबारा जणांनी "थांबा" म्हणून सांगितलं. त्यातलं तशा हॉस्पिटलात शिकलेलं कुणीच दिसलं नाही. मी शिकतेय. दुसरं वर्ष चालू आहे. म्हणून हा प्रपंच.

हॉस्पिटल मध्य रेल्वेवरचं, नाव लिहीत नाही. आमचं डिपार्टमेंट तळघरात आहे. खिडकी नाही, त्यामुळे बाहेर पाऊस आहे की ऊन ते पेशंटच्या चपलांवरून कळतं. सकाळी साडेआठला सोनोग्राफीची रांग लागते. उपाशीपोटी आलेले आधी, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. त्यातही मधुमेहवाले सगळ्यांत आधी, नाहीतर बाकावरच चक्कर. लघवी रोखून बसलेल्या बायका समोरच्या बाकावर. त्यांचा ताबा आमच्या मावशींकडे. "लागली का? जोरात लागली का? नाही ना, मग अजून दोन ग्लास." मावशींचा अंदाज मशीनपेक्षा अचूक असतो, हे मी पहिल्याच आठवड्यात मान्य केलं.

पहिल्या महिन्यात मला स्वादुपिंड एकाही पेशंटमध्ये सापडलं नाही. जिथे बघावं तिथे गॅस. मॅडम यायच्या, पण प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) माझ्या हातातून घ्यायच्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून दाबायच्या. "दाब. अजून. गॅस बाजूला सारायचा असतो, त्याच्याकडे बघत नाही बसायचं." मग डावं यकृत खिडकीसारखं वापरून, पेशंटला पोट फुगवायला लावून, एके दिवशी ते दिसलं. करड्या रंगाची आडवी पट्टी, तिच्यामागे शिरेची काळी रेघ. मी इतक्या जोरात "मिळालं!" म्हणाले की पेशंट घाबरून उठून बसला. त्याला वाटलं काहीतरी वाईटच मिळालं.

मोठ्या हॉस्पिटलात प्रोब हातात यायला कधीकधी सहा महिने लागतात असं बॅचमेट सांगतात. इथे माणसंच कमी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी हातात आला. पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथे माझा रिपोर्ट कुठे जातो ते मला दिसतं. दोन जिने चढले की वॉर्ड. अपेंडिक्स सहा मिलिमीटरपेक्षा जाड आहे आणि दाबलं तरी दबत नाही, असं मी लिहिलं की तासाभरात सर्जन सरांचा फोन येतो, "ऑपरेशन थिएटरमध्ये ये, तुझं अपेंडिक्स बघून जा." मी जाते. माझ्याकडे एक वही आहे. डाव्या पानावर मी काय लिहिलं, उजव्या पानावर शेवटी काय निघालं. सध्या तिसरी वही चालू आहे. तिच्यात डाव्या-उजव्याचा मेळ न बसलेली पानं बरीच आहेत. माझं शिक्षण झालं ते तिथे.

बाकी प्रश्न असतील तर विचारा. उद्या नाइट आहे, उत्तर द्यायला उशीर होईल.

उगाच_एक
थोडक्यात, एसीत बसून फोटो बघायचे, पेशंटची कटकट नाही, वर सर्वांत जास्त पैसे. आम्हीच मूर्ख, इंजिनिअर झालो.

तळघरातली
@उगाच_एक, एसी मशीनसाठी असतो हो, आमच्यासाठी नाही. आम्ही स्वेटर घालून बसतो. मुंबईत, मे महिन्यात.

दादरपूर्व
लेख आवडला, पण दुसरी बाजूही यायला हवी. मी पालिकेच्या मोठ्या कॉलेजातून एमडी केलं, त्याला आता पंधरा वर्षं झाली. आमच्याकडे एका रात्रीत जेवढे ट्रॉमा सीटी व्हायचे, तेवढे तुमच्याकडे आठवड्यात होत नसतील. लोकलमधून पडलेले, रूळ ओलांडताना लागलेले, बांधकामावरून कोसळलेले. शिवाय लहान मुलांचे जन्मजात दोष, विचित्र ट्यूमर, अँजिओग्राफीच्या केसेस. हे एकदा डोळ्याखालून गेलं की आयुष्यभर पुरतं. पुस्तकात पाहिलेलं आणि समोर आलेलं यात फरक असतोच. दोनशे खाटांच्या हॉस्पिटलात तुम्ही पित्ताचे खडे, मुतखडे आणि टीबी यात अडकून पडाल.

वहीची कल्पना मात्र उत्तम. आमच्याकडे ते शक्यच नव्हतं. पेशंट गेला की गेला.

तळघरातली
सर, दुर्मीळ केसेसचं मान्य. ती उणीव आहेच, आणि मी ती बाहेरच्या पोस्टिंगमध्ये आणि रविवारच्या सीएमईंना (डॉक्टरांच्या अभ्यासवर्गांना) जाऊन भरून काढते. पण "टीबीत अडकून पडाल" हे नाही पटलं. मुंबईत टीबी नीट वाचता येणं म्हणजे अर्धी छाती वाचता येणं. वरच्या भागातली पोकळी कुणालाही दिसते. पण सीटीवर पालवी फुटलेल्या फांदीसारखे बारीक ठिपके, मणक्यातली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंची हाडं एकत्र खाल्ली गेलेली, लहान आतड्याचं टोक आणि सिकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) आक्रसलेलं... टीबी सतरा सोंगं घेतो. आणि पावसाळ्यात आमच्याकडे डेंग्यू येतो तेव्हा एकाच दिवशी पित्ताशयाच्या सुजलेल्या भिंती दहा तरी बघते. पहिल्या वर्षी त्यातल्या एकीला मी पित्ताशयाचा दाह म्हणून मोकळी झाले होते. डेंग्यूत घसरतो तो प्लेटलेट्सचा आकडा विचारलाच नाही. वहीत आहे.

नाडीपरीक्षा
मी फिजिशियन आहे, तुमच्या जमातीचे रिपोर्ट रोज वाचतो. एकच विनंती. प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी "क्लिनिकल कोरिलेशन सुचवतो", म्हणजे पेशंट तपासून ताडून बघा, हे लिहिणं कधी बंद करणार? पेशंट मी तपासलाय, म्हणून तर तुमच्याकडे पाठवलाय. "असू शकेल, नाकारता येत नाही, फॉलोअप घ्यावा" यातून मी काय समजायचं?

डार्करूम_काका
हाहाहा. डॉक्टरसाहेब, वाक्य जुनं आहे. मी एक्स-रे टेक्निशियन, आता रिटायर. प्लेट ओली असताना हँगरवर टांगून वाचायचे तेव्हापासून ते वाक्य ऐकतोय.

तळघरातली
@नाडीपरीक्षा, सर, तुमचा फॉर्म पण आठवा ना! "पोटदुखी" एवढंच लिहिलेलं असतं. कुठे दुखतं, कधीपासून, आधी ऑपरेशन झालंय का, काही नाही. गेल्या महिन्यात एका फॉर्मवर फक्त प्रश्नचिन्ह होतं. खरंच सांगते, वयानंतर थेट प्रश्नचिन्ह.

पण तुमचं म्हणणं मला लागलंय, कारण ते वाक्य न लिहिता मी एकदा छातीठोकपणे चुकले. सांगते.

पहिल्या वर्षाचा शेवट. पहाटे अडीच. ७४ वर्षांचे आजोबा, मुलगा घेऊन आलेला. दोन आठवड्यांपासून विसरतात, चालताना झोक जातो, आज चहाचा कप तोंडापर्यंत नेता येईना. साधा मेंदूचा सीटी. मी वरून खालपर्यंत दोनदा पाहिला. पांढरा रक्तस्राव कुठेच नाही. मधली रेषा बरोबर मध्ये. तात्पुरता रिपोर्ट लिहिला, "ठळक दोष नाही." मला आठवतंय, मनात असंही आलं होतं की वयाच्या मानाने मेंदू काय छान आहे यांचा.

सकाळी आठला सर आले. स्क्रीनसमोर उभ्यानेच पाहिलं. "वय?" म्हटलं, ७४. "मग खाचा कुठायत?"

म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, पृष्ठभागावरच्या खाचा रुंद होतात. या आजोबांच्या खाचा दिसतच नव्हत्या. सरांनी विंडो, म्हणजे स्क्रीनवरच्या छटांचा पल्ला, अरुंद केली, करड्या छटा ताणल्या, आणि दोन्ही बाजूंना कवटीच्या आतून मेंदूला दाबणारा एकेक चंद्रकोरी थर हळूहळू वेगळा झाला. सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं, पुढे ते काळवंडत जातं, आणि मध्ये साधारण एक ते तीन आठवड्यांच्या दरम्यान अशी वेळ येते की त्याची छटा नेमकी मेंदूएवढीच होते. त्यातून दोन्ही बाजूंना सारखं असलं की मधली रेषाही सरकत नाही. दोघं सारख्याच ताकदीने ढकलतात.

मुलाला सरांनी विचारलं, पडले होते का? तो म्हणाला, "हो, बाथरूममध्ये घसरले होते, पण त्याला तीन आठवडे झाले. तेव्हा काहीच झालं नव्हतं." फॉर्मवर ते नव्हतं, पण मीही फोन केला नव्हता. मुलगा तर सीटीच्या दाराबाहेरच उभा होता. चार पावलं.

आता कुठलाही रात्रीचा सीटी वाचायच्या आधी मी बाहेर जाऊन नातेवाइकाला विचारते. टेक्निशियन दादा चिडतात.

नाडीपरीक्षा
प्रश्नचिन्हाबद्दल माफी, ते माझंही असू शकतं. आजोबांना घरी सोडलं होतं की काय रात्री?

तळघरातली
नाही. मेडिसिनच्या रेसिडेंटला रिपोर्ट पटला नाही, त्याने ठेवून घेतलं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, पण माणूस नॉर्मल नाही," असं त्याने केसपेपरवरच लिहिलं होतं. आमच्याकडे न्यूरोसर्जन बाहेरून येतात, ते दुपारी आले. दोन्ही बाजूंना छिद्रं पाडून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर आजोबा डोक्याला पट्ट्या बांधून नातसुनेवर ओरडत होते, चहा पांचट झाला म्हणून. कप स्वतः धरला होता.

गोडाशिरा
वाचताना काटा आला. एक भाबडा प्रश्न. माझ्या आईचे वर्षभरात तीन सीटी झाले, सोनोग्राफी तर पाच-सहा. किरणांची भीती वाटते. आणि तुम्ही लोक रोज तिथेच असता, तुमचं काय?

डार्करूम_काका
ताई, सोनोग्राफीत किरण नसतातच, तो आवाज. एमआरआयमध्येही एक्स-रे नसतात. उरले एक्स-रे आणि सीटी.

तळघरातली
काकांनी सांगितलंच. आकडे सांगायचे तर आपण काहीही न करता, नुसत्या निसर्गातून, जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) घेतो. छातीचा एक एक्स-रे त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ, ०.१ किंवा त्याहूनही कमी. पोटाचा सीटी मात्र साधारण ८ ते १०. म्हणून सीटी उगाच करू नये, पण गरज असताना भीतीपोटी टाळू नये. आईंच्या जुन्या फिल्म आणि सीडी दर वेळी सोबत न्या, एवढं नक्की करा. निम्म्या वेळा आम्हाला नवीन तपासणीपेक्षा जुनी जास्त उपयोगी पडते.

आमच्यासाठी टीएलडी बॅज असतो, अंगावर पडलेला डोस नोंदवणारा. लेड एप्रनच्या आत, छातीवर. दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आमचे आकडे त्याच्या आसपासही जात नाहीत.

डार्करूम_काका
माझा गेला होता एकदा! बॅज एप्रनला लावलेला, एप्रन एक्स-रेच्या खोलीतच खुंटीवर, आणि मी दहा दिवस गावी गणपतीला. आल्यावर खुलासा द्या म्हणून पत्र. लिहून दिलं, डोस खुंटीला लागला आहे.

आणि डॉक्टर बाई, तुम्ही पोरापोरींनी एक लक्षात ठेवा. हृदय मोठं आहे असं लिहायच्या आधी प्लेट कशी काढली ते विचारा. उभं करून, छाती प्लेटला टेकवून, सहा फुटांवरून मागून काढली तर हृदय खरं तेवढंच. आयसीयूत झोपवून पोर्टेबलने पुढून, जवळून काढली की हृदय सुजल्यासारखं दिसणारच. दिवा जवळ आणला की सावली मोठी, एवढं साधं आहे. मी किती जेआरना (ज्युनिअर रेसिडेंटना) हे शिकवलं त्याची गणती नाही, आणि पुढे सर झाल्यावर तेच मला शिकवायला आले.

तळघरातली
काका, पाय कुठे आहेत तुमचे.

तिसरा_अटेम्प्ट
ताई, नीट पीजी पुन्हा दिलीय, रँक अशी आहे की रेडिओलॉजी मिळाली तर अशाच एखाद्या डीएनबी हॉस्पिटलात. सीट घेताना काय बघावं? आणि एआय सगळं खाणार म्हणतात, ते?

तळघरातली
डीएनबी एमबीबीएसनंतर तीन वर्षं, डिप्लोमा झालेला असेल तर दोन. थिसिस मंजूर झाल्याशिवाय डिग्री मिळत नाही, तेव्हा विषय पहिल्याच वर्षी उरका. हे कुठेही वाचायला मिळेल.

वेबसाइटवर मिळणार नाही ते सांगते. तिथे जा, पण एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटायच्या आधी दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठ. त्याला विचार, सीटी आणि एमआरआय हॉस्पिटलचं स्वतःचं आहे की बाहेरच्या कंपनीला चालवायला दिलंय. दिलं असेल तर कन्सोलवर बसू देतात का? कागदावर मशीन असतं आणि रेसिडेंट दाराबाहेर, असं पाहिलंय मी. दुसरं, रात्रीचे रिपोर्ट कोण लिहितं? ते टेलिरेडिओलॉजीला (ऑनलाइन दुसरीकडून वाचून घ्यायला) बाहेर जात असतील तर तुझी नाइट म्हणजे नुसतं जागरण. माझं जे काही डोकं चालतं ते पहाटे एकटीने स्क्रीनसमोर घाम फुटून चालायला लागलंय, आणि सकाळी आठला कुणीतरी ते तपासून चुका काढल्यात. त्या आठच्या बैठकीला तास मिळतो की दहा मिनिटं, हेही विचार. आमच्याकडे पहिले सहा महिने दहा मिनिटं होती. भांडून तास करून घेतला.

स्टायपेंड वेळेवर येतो का, हे विचारायला लाजू नकोस.

एआयबद्दल मत द्यायला मी लहान आहे. आमच्याकडे छातीच्या एक्स-रेला एक सॉफ्टवेअर लावलंय, ते टीबीला चांगलं पकडतं. गेल्या महिन्यात त्याने एका बाईच्या अंबाड्याच्या सावलीलाही पकडलं.

नाडीपरीक्षा
@तिसरा_अटेम्प्ट, गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचं कुणी सांगितलं नाही अजून. ते आधी समजून घे.

तळघरातली
हो, ते राहिलंच. महाराष्ट्राने १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला, मग देशाचा १९९४ चा. सोनोग्राफीचं मशीन नोंदणीकृत, जागा नोंदणीकृत, आणि मशीन वापरणाऱ्या डॉक्टरचं नावही तिथल्या नोंदणीत लागतं. ते चढेपर्यंत गरोदर बाईवर प्रोब ठेवायचा नाही. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद करणारा फॉर्म एफ भरायचा. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत. फॉर्ममधली एक रिकामी चौकटसुद्धा गुन्ह्यात मोजली जाऊ शकते. त्यामुळे पाच तारीख जवळ आली की आमचं डिपार्टमेंट बँकेच्या मार्चएंडसारखं दिसतं.

भिंतीवर बोर्ड आहे, तरी विचारतात. सरळ नाही विचारत. "पेढा आणू की बर्फी?" एका सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, आजी, मला दोन्ही चालत नाही, शुगर आहे. मला शुगर नाही. पण आत सून पडली होती, तिचा चेहरा बघून मला एवढंच सुचलं. तिसरी खेप होती तिची. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्क्रीनकडेही नाही. छताकडे बघत होती. मी बाळाचे ठोके स्पीकरवर लावले आणि काही न बोलता थोडे जास्त वेळ चालू ठेवले.

दादरपूर्व
ही केस मोठ्या कॉलेजातही शिकायला मिळते, पण आम्ही एवढं थांबलो नसतो. माझ्या वरच्या प्रतिसादातलं "अडकून पडाल" मागे घेतो. ट्रॉमाचं मात्र मागे घेत नाही! तिसऱ्या वर्षी एक महिना कुठेतरी ट्रॉमाला जाऊन या.

तळघरातली
नक्की सर. अर्ज टाकलाय.

उगाच_एक
टिंगल केली होती त्याबद्दल सॉरी. कामाचं विचारतो. आईचा गुरुवारी गुडघ्याचा एमआरआय आहे. मंगळसूत्र काढायला तयार नाही. "सोन्याला चुंबक लागत नाही, मला शिकवू नकोस," म्हणते. गुडघाच आहे, चालेल ना?

तळघरातली
नाही चालणार. सोनं ओढलं जात नाही हे आईंचं बरोबर, पण आत धातू तापू शकतो, आणि ओवलेल्या तारेचा, फाशाचा काय भरवसा? शिवाय गुडघ्याचा असला तरी माणूस अख्खा त्या खोलीत जातो. मशीन बंद वाटलं तरी चुंबक चालूच असतं. रात्रीसुद्धा, दिवे गेले तरीसुद्धा. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतच एका नातेवाइकाच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर होता, चुंबकाने तो सिलिंडर माणसासकट ओढला आणि त्यात त्याचा जीव गेला. तेव्हा तुम्हीही आत जाणार असाल तर खिसे रिकामे करा, किल्ल्या, मोबाइल, कार्ड सगळं बाहेर.

पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, कानातलं यंत्र यातलं काही असेल तर आधीच सांगा. आणि मंगळसूत्रापेक्षा मला पिनांची जास्त काळजी आहे. साडीची, पदराची, ब्लाऊजची, केसांतल्या. आपल्याकडच्या बायका विचारलं तर "एकच आहे" म्हणतात. गाऊन देतीलच, तरी घरून मोजून काढा.

उगाच_एक
शुक्रवार, सकाळी ९.१०

झाला एमआरआय. मंगळसूत्र माझ्या खिशात होतं, मी बाहेर. आईने "एकच पिन आहे" असंच सांगितलं. तिथल्या मावशींनी सात काढल्या.